आयुष्यातलं सर्वात अवघड काम: स्वतःचं नाव सांगणं

अर्धविराम

माझं नाव क पासून सुरू होतं. तीन अक्षरं, जोडाक्षर एकही नाही. तरी ते उच्चारण्याइतकं अवघड काम मला आयुष्यात दुसरं पडलेलं नाही, आणि ते रोज कुणी ना कुणी करायला लावतंच.

मी अडखळत बोलते. तोतरेपणा म्हटलं की लोकांना फक्त क-क-क-क आठवतं. तेही होतं, पण माझा प्रकार बहुतेक वेळा वेगळा. शब्द आठवत असतो, अगदी समोर उभा असतो. जिभेचं मूळ वर टेकतं आणि तिथेच चिकटून बसतं, आवाजच निघत नाही. याला आम्ही लोक ब्लॉक म्हणतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई नाव विसरली. "स्वतःचंच नाव विसरलात की काय?" हे विचारणाऱ्या प्रत्येकाला हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत असतं.

बाकीच्या शब्दांना पळवाटा असतात. 'कठीण' अडतंय असं वाटलं तर 'अवघड' म्हणायचं. 'काल' अडलं तर आजार, प्रवास, काहीतरी मध्ये आणून वाक्य असं फिरवायचं की काल म्हणावंच लागू नये. बोलताना सतत दोन-तीन शब्द पुढे बघत राहायचं आणि अडणारा शब्द दिसला की आधीच वळायचं. यामुळे माझी भाषा फार समृद्ध आहे असा सगळ्यांचा समज आहे. शाळेत मराठीच्या बाई माझी शब्दयोजना वर्गात वाखाणायच्या. त्यांना काय सांगणार!

पण नावाला समानार्थी शब्द नसतो. पत्त्याला नसतो, फोन नंबरला नसतो. म्हणून जिथे नेमकं तेच विचारतात तिथे माझी गाठ पडते. एका क्लासला प्रवेश घेताना खिडकीवर नाव विचारलं. मागे रांग. क अडला तो अडलाच, आणि तोंडातून "सुनीता" बाहेर पडलं. स त्या दिवशी सहज येत होता. तो क्लास संपेपर्यंत मी सुनीता होते. तिथे मैत्रिणी झाल्या, त्यांच्यासाठीही सुनीता. प्रमाणपत्र द्यायचा दिवस आला तेव्हा मी गेलेच नाही.

वर्गात एकेकाने उठून परिच्छेद वाचायचा असायचा, आठवतं? माझ्या आधी किती मुलं आहेत ते मोजून मी माझा परिच्छेद कोणता येणार ते काढायची आणि त्यात क, प, त ने सुरू होणारे शब्द किती ते बघत बसायची. मधलं कुणी गैरहजर निघालं की सगळा हिशेब कोसळायचा. धडा कशावर होता ते मला कधीच कळलं नाही. पुढे नोकरीत बढती चालून आली, तिच्याबरोबर दर आठवड्याला सगळ्यांसमोर बोलणंही आलं असतं. घरच्या जबाबदाऱ्यांचं कारण पुढे करून ती नाकारली. मला महत्त्वाकांक्षा नाही अशी घरच्यांची समजूत झाली, आणि ती खोडून काढायची तर खरं सांगावं लागलं असतं.

हो, घरातही पूर्ण माहीत नव्हतं. 'ती जरा कमी बोलते' इतकंच. मी इतकं बेमालूम लपवत होते की जवळच्या माणसांना मी अडखळते यापेक्षा मी शिष्ट आहे हे जास्त पटत होतं.

शेवटी एका स्पीच थेरपिस्टकडे गेले ती सफाईने बोलायला शिकायला. त्यांनी काम दिलं भलतंच: अनोळखी माणसाशी बोलायचं आणि मुद्दाम अडखळायचं, तेही न अडणाऱ्या शब्दावर. ही उपचाराची जुनी, रुळलेली पद्धत आहे, माझ्या बाईंच्या डोक्यातून निघालेली नाही. पण ऐकून मला घाम फुटला. ज्या गोष्टीवर उभी हयात पांघरूण घातलं ती आपल्या हाताने उघडी करायची?

बरेच दिवस टाळलं. मग एकदा एका गृहस्थांना थांबवून "व-व-व-वेळ काय झाली?" असं विचारलं. व मला कधीच अडत नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, वेळ सांगितली आणि गेले. तेवढंच. मला तिथेच रडू फुटलं, ते सुटल्याच्या आनंदाने वगैरे नाही, चक्क संतापाने. एवढ्यासाठी मी बढती सोडली?

बरं कसं झालं हे वाचायला आला असाल तर निराशा होईल. मी आजही अडखळते, खरं तर लोकांना आता पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतं, कारण शब्द बदलणं बरंच सोडलं आहे. अडलं तर "मी अडखळत बोलते, जरा वेळ लागेल" असं सांगते. हे वाक्यही कधी कधी अडतं, तो भाग वेगळा.

ज्या गोष्टीपेक्षा ती लपवण्यातच जास्त दमछाक झाली असं तुमच्याकडे काही आहे का? असेल तर लिहा.


टिपूर

+१. एका दमात वाचलं. ते प्रमाणपत्र अजून तिथेच पडून असेल का हो?


अर्धविराम

असलं तरी ते सुनीताचं आहे, मला कोण देणार :)


रोखठोक

लिहिलंय छान, पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. 'सर्वात अवघड' हे जरा जास्त होत नाही का? लोकांनी कॅन्सर काढलेत, पोटची मुलं गमावलीत. त्यापुढे अडखळणं म्हणजे आत्मविश्वासाचा प्रश्न, सराव केला की जातो. प्राचीन ग्रीसमधला डेमोस्थेनिस तोंडात खडे धरून बोलायला शिकला आणि मोठा वक्ता झाला. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्जसुद्धा बरा झालाच की.


अर्धविराम

राग नाही. मी माझ्या आयुष्यातलं सर्वात अवघड म्हटलं, जगातलं नव्हे. एक मोठं आजारपण मीही काढलंय, शस्त्रक्रियेसकट. तेव्हा माणसं भेटायला यायची, उशाशी बसायची, कामं वाटून घ्यायची. अडखळण्यात कुणी भेटायला येत नाही. म्हणून मला ते आजारपण सोपं गेलं. दुसऱ्या कुणाला उलटं वाटेल.

खड्यांबद्दल मात्र जाणकारांनी बोलावं. माझ्याही तोंडात लहानपणी गोट्या घालून झाल्या आहेत. लाळ गळण्यापलीकडे काही साधलं नाही.


स्वरयंत्र

मी स्पीच थेरपिस्ट आहे (धागाकर्तीची नव्हे), म्हणून थोडं लिहिते.

रोखठोक, आत्मविश्वास कमी म्हणून तोतरेपणा येतो हा समज फार पसरलेला आहे, पण घडतं ते उलट क्रमाने. तोतरेपणा बहुतांशी दोन ते पाच या वयात सुरू होतो. त्या वयाच्या पोराला कसला आला न्यूनगंड? तो नंतर येतो, लोक हसायला लागल्यावर. हा मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव आणि वेळ साधण्याच्या यंत्रणेतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत डेनिस ड्रायना यांच्या गटाने २०१० मध्ये तोतरेपणाशी संबंध असलेले तीन जनुक दाखवले. तेवढ्याने सगळ्यांचं स्पष्टीकरण होत नाही, पण 'घाबरट आहे म्हणून' हे म्हणणं तरी आता सोडायला हरकत नाही. मोठ्यांमध्ये साधारण शंभरात एक माणूस अडखळतो आणि चार पुरुषांमागे एक बाई असं प्रमाण असतं. अर्धविरामताईंना शिष्ट ठरवलं गेलं त्यात याचाही हात असावा. बाई अडखळत असेल हे लोकांच्या मनातच येत नाही.

अजून एक गंमत. तोच माणूस गाणं म्हणताना अडखळत नाही. इतरांच्या सुरात सूर मिसळून एकत्र वाचताना अडखळत नाही. एकटा असताना स्वतःशी बोलला तर बहुधा अडखळत नाही. म्हणजे जीभ, ओठ, घसा सगळं शाबूत असतं. हे न कळल्यामुळे १८४१ मध्ये डीफेनबाख या जर्मन शल्यविशारदाने तोतऱ्या लोकांच्या जिभेच्या मुळाचा तुकडा कापून काढला होता, तोही भूल देण्याची पद्धत रुळायच्या आधी. त्यापेक्षा तुमच्या गोट्या बऱ्या म्हणायच्या.

डेमोस्थेनिसच्या खड्यांची गोष्ट आपल्याला मुख्यतः प्लुटार्क या चरित्रकाराकडून मिळते आणि तो डेमोस्थेनिसनंतर चारेकशे वर्षांनी लिहीत होता. सहाव्या जॉर्जचं म्हणाल तर १९२५ मध्ये वेम्बलीच्या प्रदर्शनाच्या समारोपाचं भाषण त्यांना फार जड गेलं, पुढच्या वर्षी ते लायोनेल लोग या वाणी-उपचारकाकडे जायला लागले आणि ही सोबत वर्षानुवर्षं चालली. ३ सप्टेंबर १९३९ चं युद्ध जाहीर झाल्यानंतरचं रेडिओवरचं भाषण ऐकून बघा, मध्ये जागोजागी थांबे आहेत. ते बरे झाले नव्हते, थांबत थांबत बोलायला शिकले होते. माझ्या मते ही जास्त मोठी गोष्ट आहे, पण सांगताना ती पूर्ण बरा झाल्याची गोष्ट होऊन जाते.


एककान

अर्धविराम, 'लपवण्यातच दमछाक' वाचलं आणि लिहायला बसलो. एरवी मी नुसता वाचक.

मला एका कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि दुसऱ्याचंही हळूहळू उतरत गेलं. पण चारचौघांत मी कधी "काय?" असं विचारत नसे. एकदा विचारलं तर चालतं, तिसऱ्यांदा विचारल्यावर समोरचा "जाऊ दे, काही विशेष नाही" म्हणतो. त्या 'जाऊ दे'चा मी इतका धसका घेतला की ऐकू आलं नाही तरी मान हलवायची सवय लावून घेतली. बाकीचे हसले की हसायचं, गंभीर झाले की गंभीर. खोलीत शिरताच भिंत कुठे, खिडकी कुठे, कुणाच्या कुठल्या बाजूला बसायचं हे ठरवायचं. कुणी आधीच चांगल्या कानाच्या बाजूची खुर्ची पकडली की संध्याकाळ वाया.

एकदा जुना सहकारी भेटला, म्हणाला "वडील गेले." मी ऐकलं "वडील आले." मी म्हटलं, "अरे वा, किती दिवस आहेत?" पुढे त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते लिहीत नाही. आणि तेव्हासुद्धा, ऐका, तेव्हासुद्धा मी त्याला सांगितलं नाही की मला ऐकू येत नाही. माणूस बहिरा वाटण्यापेक्षा निर्दय वाटलेला मला परवडला.

आता यंत्र लावतो. यंत्राने सगळं स्पष्ट होतं हाही गैरसमज आहे. गोंगाटात ते गोंगाटही वाढवतं. पण कानामागे दिसत असल्यामुळे लोक आपणहून तोंड माझ्याकडे करून बोलतात. यंत्राचा अर्धा उपयोग तर मला त्या दिसण्याचाच आहे. दुकानदार अगदी न दिसणारं, कानाच्या आत बसणारं यंत्र गळ्यात मारत होता, ते घेतलं नाही हे बरं झालं.


टिपूर

काका, 'बहिरा वाटण्यापेक्षा निर्दय' आणि वर 'अडखळते यापेक्षा शिष्ट'. दोन्ही एकच आहे की.


अर्धविराम

अगदी! आणि 'ऐकू आलं नाही तरी हसायचं' हे आमच्याकडेही आहे. कुणी माझा अडलेला शब्द पूर्ण करतो आणि चुकीचा करतो. मला 'कपाट' म्हणायचं असतं, तो 'कपडे' म्हणून मोकळा होतो. आणि मी "हो, तेच" म्हणते! पुन्हा क वर कोण चढणार? मग कपाटाचं बोलणं राहून जातं आणि कपड्यांवर गप्पा होतात.


चिमणगाणी

एक विचारू का? विषय जरा वेगळा आहे. माझा मुलगा चार वर्षांचा होईल. गेले काही महिने "म-म-म-मला" असं करतो. आधी छान बोलायचा. घरात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो साफ दुर्लक्ष कर, लक्ष दिलंस तर सवय लागेल. दुसरा दर वेळी त्याला थांबवून "हळू बोल, पुन्हा सांग" करायला लावतो. मी मध्ये. आमच्याकडे त्याचा मामाही थोडा अडखळतो. हा धागा वाचून पोटात गोळाच आला.


स्वरयंत्र

चिमणगाणी, आधी गोळा जाऊ द्या. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात आणि त्यातल्या बहुतेकांचं, तीन चतुर्थांश तरी, पुढे आपोआप किंवा थोड्या मदतीने थांबतं. मुलांपेक्षा मुलींचं थांबण्याचं प्रमाण जास्त असतं.

पण मामा अडखळतो, मुलगा आहे आणि काही महिने झाले आहेत. एवढं पुरेसं आहे, वाट न बघता एकदा तपासून घ्या. बोलताना डोळे घट्ट मिटतो का, मान झटकतो का, की "मला नाही येत बोलता" म्हणून बोलणं सोडून देतो, हे बघून ठेवा. तपासताना ते विचारतीलच. या वयासाठी लिडकम नावाचा उपचार आहे, ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात आकाराला आलेला. त्यात उपचार घरी आईवडीलच करतात, थेरपिस्ट त्यांना शिकवते. तो माझ्या आवडीचा आहे हे उघडच सांगते. पण शिकून घेतल्याशिवाय त्यातली टोकं उचलून वापरू नका.

तोवर "हळू बोल, पुन्हा सांग" बंद. तुम्ही स्वतः जरा संथ बोला, त्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग उत्तर द्या, आणि दिवसातून थोडा वेळ असा ठेवा की तो आणि तुम्ही दोघंच, मोबाइल बाजूला. तो कसं बोलतोय याकडे नाही, काय बोलतोय याकडे लक्ष द्या. आणि फार अडला तर "तो शब्द जरा अवघड गेला ना?" असं सहज म्हणायला काहीच हरकत नाही. त्याला कळत नाही असं समजू नका. त्याला कळतं, आणि घरात कुणीच त्याबद्दल बोलत नाही हेही कळतं.


रोखठोक

म्हणजे 'दुर्लक्ष करा' हा सल्ला चुकीचा? आमच्या लहानपणी डॉक्टरसुद्धा तेच सांगायचे.


स्वरयंत्र

त्यालाही इतिहास आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात वेंडेल जॉन्सन नावाचे संशोधक होते, स्वतः अडखळणारे. त्यांचं म्हणणं असं की तोतरेपणा मुलाच्या तोंडात नाही, आईवडिलांच्या कानात सुरू होतो. सगळीच लहान मुलं थोडीफार चाचरतात, आईवडील त्याला तोतरेपणा म्हणतात आणि मूल तसं होऊन बसतं. या विचाराचा दबदबा पुढे कित्येक दशकं राहिला. 'बोलूच नका, दुर्लक्ष करा' हे त्यातूनच झिरपलं. आज कारण म्हणून तो विचार टिकलेला नाही.

याच जॉन्सन यांच्या हाताखाली १९३९ मध्ये मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना वारंवार सांगितलं गेलं की तुम्ही अडखळताय, जपून बोला, नीट येत नसेल तर बोलूच नका. ही मुलं तोतरी झाली असं ठामपणे म्हणता येत नाही. पण ती गप्प होत गेली. वर्गात बोलेनात, एका शब्दात उत्तर द्यायला लागली, बोलताना तोंडावर हात धरायला लागली. प्रयोग बरीच वर्षं दाबला गेला. २००१ मध्ये वर्तमानपत्रात वाच्यता झाल्यावर विद्यापीठाने माफी मागितली, तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.


अर्धविराम

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तोतरेपणा नसताना नुसतं लपवणं शिकवता येतं. अडखळणं आणि गप्प बसणं हे दोन वेगळे आजार आहेत असं मला नेहमी वाटायचं, पण त्याचा असा पुरावा असेल असं वाटलं नव्हतं. अनाथ पोरं धरून आणली यासाठी, हेही लक्षात आलं. विचारायला कुणी आईबाप येणार नव्हते.


चिमणगाणी

स्वरयंत्र ताई, मनापासून आभार. वेळ घेतली आहे. आणि दोन्ही पक्षांना हा धागा वाचायला दिला आहे. सध्या दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत, पण पोराला कुणी थांबवत नाही.


शांतताप्रिय

मी पण अडखळतो. एक बाजू राहते आहे म्हणून लिहितो.

सगळे म्हणतात उघड सांगा, हलकं वाटेल. मी सांगितलं. मुलाखतीच्या सुरुवातीलाच, शांतपणे, शिकवलं होतं तसं. समोरच्या बाई फार छान बोलल्या. "सांगितलंत हे खूप आवडलं." मग मुलाखत लवकर संपली. काही दिवसांनी कळवलं की ग्राहकांशी बोलायला कुणीतरी हवं आहे. त्या जागेचं काम संगणकावर एकट्याने करायचं होतं.

त्यानंतरच्या ठिकाणी सांगितलं नाही. शब्द बदलत बदलत मुलाखत काढली. नोकरी मिळाली. तिथे अजूनही कुणाला माहीत नाही. त्यामुळे उघड केल्याने प्रश्न सुटतो हे मला तितकंसं पटत नाही. ज्याचं पोट भरलंय त्याने उघड करावं.


अर्धविराम

तुमचं खरं आहे आणि मला त्यावर उत्तर नाही. मी सांगायला लागले तेव्हा नोकरीत पक्की होते, मला कुणी काढणार नव्हतं. माझ्या थेरपिस्टने हे कधी बोलून दाखवलं नाही, पण बोलायला हवं होतं असं आता वाटतं. कुठे सांगायचं आणि कुठे नाही याचा हिशेब ज्याचा त्याने करायचा असतो. फक्त एक विचारते: आत्ता जिथे आहात तिथे दिवस संपला की कसं वाटतं?


शांतताप्रिय

घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलत नाही. कळलं तुम्हाला काय विचारायचंय ते.


एककान

तो तासभर मला ठाऊक आहे.


रोखठोक

इतकं वाचल्यावर एक विचारतो. माझ्या हाताखाली एक मुलगा आहे, अडखळतो. कामाला एक नंबर. मीटिंगमध्ये तो अडकला की मी त्याचं वाक्य पूर्ण करतो, त्याला बरं वाटावं म्हणून. वर कपाट-कपडे वाचलं आणि जरा चपापलो. मग करायचं काय? नुसतं बघत बसायचं?


अर्धविराम

हो! नुसतं बघत बसायचं. चेहरा नेहमीसारखा ठेवून. खाली कागदात बघू नका, दया आल्यासारखं हसू नका, "सावकाश, सावकाश" म्हणू नका. सावकाश बोलण्याचा प्रश्न असता तर आम्ही कधीच सोडवला असता. तुम्हाला ते काही सेकंद जड जातात म्हणून तुम्ही वाक्य पूर्ण करता. त्याला सोपं जावं हे त्यात फार कमी असतं. हे कडक वाटलं तर वाटू द्या, तुम्हीही सुरुवात तशीच केली होती :)


स्वरयंत्र

अनुमोदन. आणि एक सोपी युक्ती. मीटिंगच्या सुरुवातीला सगळ्यांना ओळीने नाव आणि काम सांगायला लावत असाल तर ते बंद करा, किंवा तुम्हीच सगळ्यांची ओळख करून द्या. आपली पाळी जवळ जवळ येत जाणं, याइतकं अडकवणारं दुसरं काही नाही. त्या मुलालाही एकदा एकट्याला गाठून विचारा की तुला काय केलेलं चालेल. काहींना शब्द पुरवलेला आवडतोही. थोडेच असतात, पण असतात.


रोखठोक

ओळीने ओळख दर सोमवारी होते. ती मीच सुरू केली होती, टीम जवळ यावी म्हणून. विचारतो त्याला.


टिपूर

अवांतर: नाव सांगता येत नाही म्हणून दुसरंच गाव गाठलेलं कुणी आहे का? माझा एक मित्र भलत्याच स्टेशनचं तिकीट काढून उरलेलं अंतर चालत जायचा. आम्हाला वाटायचं व्यायाम करतोय. आत्ता उजेड पडला.


अर्धविराम

हे आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने केलेलं असतं. फक्त तिकीट पुढच्या स्टेशनचं काढायचं, आधीचं नाही. चालावं लागत नाही.


शांतताप्रिय

एक सल्ला हवा होता, अर्धविराम. वर कडू लिहिलं, पण एका ठिकाणी पुन्हा अर्ज केला आहे. आधी फोनवर बोलणार आहेत. फोन माझा सर्वात वाईट. चेहरा दिसत नसल्यामुळे ब्लॉक आला की पलीकडचा "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" सुरू करतो आणि मग मी संपतोच.


अर्धविराम

मी काय करते ते सांगते, तुम्हाला जमेल तेवढं घ्या. आवाज अगदी बंद पडू देत नाही. अडलं तर "अं" किंवा "एक मिनिट" असा काहीतरी आवाज चालू ठेवते, म्हणजे लाइन तुटली नाही एवढं तरी पलीकडे कळतं. थेरपिस्ट लोकांना हे फारसं आवडत नाही, स्वरयंत्र ताई ओरडतील, पण फोनवर मी करते. दुसरं, उभी राहून बोलते. तिसरं, त्यांचा फोन यायची वाट न बघता आधी मी स्वतः एखादा बिनमहत्त्वाचा फोन करते, चौकशीचा वगैरे, आणि त्यात मुद्दाम अडखळते. मग खऱ्या फोनला निम्मी भीती आधीच वापरून झालेली असते.

शक्य असेल तर व्हिडिओवर बोलू या का असं मेलमध्ये विचारा. कारण द्यायची गरज नाही.


स्वरयंत्र

ओरडत नाही. 'अं' चा टेकू सवयीचा झाला की तोही अडायला लागतो, तेवढं लक्षात असू द्या. मुलाखतीपुरता चालेल.


शांतताप्रिय

व्हिडिओचं विचारलं, हो म्हणाले. वार मला सुचवायला सांगितलाय, तो फोन करून कळवायचाय. मला मंगळवार सोयीचा आहे आणि म माझा सर्वात वाईट. बुधवार सहज येतो. काय करू?


अर्धविराम

बुधवारी मोकळे आहात का?


शांतताप्रिय

नाही.


अर्धविराम

मग म-म-मंगळवार. किंवा मेल करा. त्यांनी फोनच करा असं कुठे म्हटलंय?


शांतताप्रिय

म्हटलंय.


एककान

मग फोन करा आणि त्यांना ऐकू आलं नाही तर मला सांगा. मान हलवायला मी शिकवतो त्यांना.